फोटोमागे पेन्सिलीने १८५८ लिहिलंय, पण कार्ड ते मान्य करत नाही. शोध कुठून सुरू करू?

कागदवेडी

नमस्कार मंडळी. जुन्या पुस्तकांच्या सूची करायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. आता एका संग्राहकांनी वेगळंच काम सोपवलंय आणि त्यात मला तुमची मदत हवी आहे.

त्यांनी परदेशातल्या एका लिलावात अख्खा खोका घेतला. त्यात चामडी बांधणीचा एक अल्बम आहे, त्याच्या जाड पानांच्या खाचांत छोटी फोटोकार्डं सरकवलेली आहेत. डबीत बसवलेले दोन फोटो आहेत. एक आरशासारखा चकचकीत, त्यात एक बाई बसलेली; दुसरा काळपट, बहुधा पत्र्यावरचा, त्यात लष्करी कोटातला माणूस. फितीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा आहे. आणि बाकी चिठ्ठ्याचपाट्या: नाटकाचं कार्यक्रमपत्रक, दुकानांची बिलं, जाहिरातीची रंगीत कार्डं, पोस्टकार्डं. हे सगळं काय आहे, कोणाचं आहे आणि कधीचं आहे, याचा लेखी अहवाल त्यांना हवा आहे.

माझी गाडी अडली आहे ती अशी.

अल्बममधल्या एका कार्डावर खुर्चीत बसलेले गृहस्थ आहेत. मागे पेन्सिलीने १८५८ असं स्वच्छ लिहिलंय. पण कार्ड जाड आहे, कोपरे गोल आहेत, कडा तिरप्या कापून सोनेरी केल्या आहेत आणि मागे स्टुडिओच्या नावाखाली पदकांची चित्रं छापली आहेत. त्यातल्या एका पदकावर पॅरिस १८७८ असं आहे. कपडे मात्र जुन्या पद्धतीचे वाटतात. मग विश्वास कशावर ठेवायचा?

लष्करी कोटातला माणूस म्हणजे इतिहासातले एक नामांकित जनरल, अशी संग्राहकांची पक्की समजूत आहे. चेहरा जुळवणाऱ्या एका ॲपनेही तेच नाव दिलं. अहवालात ते नाव यावं असा त्यांचा आग्रह आहे.

कार्यक्रमपत्रकावर 'शुक्रवार, १४ मार्च' एवढंच आहे, साल नाही. पत्रांना पाकिटंच नाहीत. काही पत्रांत एकदा आडवं लिहून त्यावरच पुन्हा उभं लिहिलंय. सगळ्यात जुन्या पत्रावर तारीख '१० फेब्रुवारी १७२०/२१' अशी दोन सालांची.

कामाला हात घालण्याआधी सगळे फोटो अल्बममधून काढून विषयवार लावावेत, असं मनात आहे. ते बरोबर होईल का?

भिंगवाला

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सगळ्यात तातडीचा आहे. फोटो काढू नका. पत्रांची फीतही इतक्यात सोडू नका. खोका आला तसा, थरावर थर, आहे त्या क्रमाने आधी टिपून घ्या. अल्बमच्या प्रत्येक पानाचा पूर्ण फोटो, मग प्रत्येक कार्डाचा. पान आणि खाच मिळून एक क्रमांक द्या आणि तो तुमच्या वहीत लिहा, वस्तूवर नको. वस्तूवर लिहिणं टळतच नसेल तर मऊ पेन्सिल, मागच्या बाजूला, कडेशी, अगदी हलक्या हाताने.

एवढा आग्रह का, तर निनावी फोटोची ओळख बहुतेक वेळा त्याच्या शेजाऱ्यांकडून पटते. एका पानावर चार कार्डं आहेत, त्यातल्या एकाच्या मागे नाव आहे, बाकीच्या तिघांची नाकं आणि हनुवट्या त्याच्यासारख्या, आणि दोघांचा स्टुडिओ तोच. हे सगळं एकत्र असतं तोवर बोलतं. विषयवार लावलंत की 'स्त्रिया', 'मुलं', 'सैनिक' असे नीटनेटके ढीग होतील आणि कुटुंब कायमचं हरवेल. बाजारात असे खोके फोडून एकेक नग विकायची रीत आहे. मला ती मनापासून खटकते, कारण एकदा तुटलेला संबंध पुन्हा जोडणं जवळपास अशक्य असतं. तुमच्या संग्राहकांनी खोका अख्खा घेतला, हे फार मोलाचं केलं.

आता १८५८चं कार्ड. माझी कामाची पद्धत अशी की नाव शेवटी, वस्तू आधी. वस्तूच्या अंगावर जी सगळ्यात अलीकडची खूण असेल, तिच्याहून ती वस्तू जुनी असू शकत नाही. पॅरिसच्या १८७८च्या प्रदर्शनातलं पदक छापलं आहे म्हणजे हे कार्ड १८७८च्या आधी तयारच झालेलं नाही. इथे पेन्सिलीचं काही चालत नाही. कार्डाची घडणही तेच सांगते. डिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५४मध्ये पॅरिसला या छोट्या कार्डांचं पेटंट घेतलं. सुरुवातीची कार्डं पातळ आणि चौकोनी कोपऱ्यांची असतात. गोल कोपरे साधारण १८७०नंतर सर्रास दिसू लागतात, आणि जाड पुठ्ठा व सोनेरी तिरप्या कडा त्याहून पुढे. एकट्या कोपऱ्यावरून साल सांगायला मी धजणार नाही, पण इथे सगळ्या खुणा एकाच दिशेला आहेत.

मग पेन्सिलीचं १८५८ खोटं का? तसं मुळीच समजू नका. छायाचित्राला दोन तारखा असतात: कॅमेऱ्यासमोर माणूस बसला ती एक, आणि हातातला कागद छापला गेला ती दुसरी. कपडे जुने आणि कार्ड नवं असेल तर माझा पहिला संशय असतो की हा फोटोचा फोटो आहे. आईवडिलांचं जुनं छायाचित्र स्टुडिओत नेऊन नातलगांसाठी त्याच्या प्रती काढून घ्यायच्या, हे तेव्हा फार चालायचं.

हे तपासता येतं. दहापट भिंग घ्या आणि चित्राच्या कोपऱ्यांकडे बघा. मूळ फोटो डबीतला असेल तर पितळी चौकटीची लंबगोल किंवा कमानदार कड कुठेतरी पुसट उमटलेली सापडते. नंतर चित्रात दिसणारा एखादा ओरखडा किंवा ठिपका निवडा आणि कार्ड डोळ्यांच्या पातळीवर तिरपं धरून बाजूने उजेड टाका. ओरखडा खरोखर या कागदावर असेल तर तिथे चकाकी तुटते. चित्रात ओरखडा आहे पण पृष्ठभाग अखंड चमकतो आहे, असं दिसलं तर तो ओरखडा मूळ फोटोवरचा, इथे त्याचं फक्त चित्र आलंय.

तिसरी खूण कोटाची बटणं. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. काचेच्या निगेटिव्हवरून कागदावर छापलेल्या फोटोत ती सुलटीच दिसायला हवी. डॅगेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचा फोटो) आणि टिनटाइप (लोखंडी पत्र्यावरचा) यांत मात्र प्रतिमा आरशातल्यासारखी डावीउजवीकडे उलटते, आणि अशा उलट्या मूळ फोटोची कागदावर प्रत काढली तर तो उलटेपणा प्रतीतही उतरतो. तुमच्या गृहस्थांचा कोट उलटा बसलेला दिसला तर प्रतीचा पुरावा भक्कम झाला. कोट दुहेरी बटणांचा असेल तर हा पुरावा कच्चा धरा, तो कोट दोन्ही बाजूंनी लावता येतो.

या उलटेपणाने केवढा घोळ होतो याचं प्रसिद्ध उदाहरण बिली द किड या अमेरिकन गुंडाचं. त्याच्या एकमेव सर्वमान्य छायाचित्रात पिस्तूल डाव्या कमरेला दिसतं, आणि तेवढ्यावरून तो डावखुरा असल्याची समजूत पसरली. ते टिनटाइप आहे. त्याच्या हातातल्या १८७३च्या विंचेस्टर रायफलीत काडतुसं भरायची झडप उजव्या अंगाला असते, चित्रात ती डावीकडे दिसते. म्हणजे अख्खं चित्रच उलटं. हे कोणाच्या आठवणीवरून सिद्ध झालं नाही, बंदुकीच्या घडणीवरून झालं.

डबीतल्या फोटोंबद्दल एक सक्त सूचना. आरशासारखा आहे तो डॅगेरोटाइप असणार, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा. हातात फिरवलात की कधी चित्र सुलट दिसेल, कधी निगेटिव्हसारखं, तीच त्याची ओळख. त्याच्या पृष्ठभागाला मऊ कापडसुद्धा लावायचं नाही. चित्र इतकं नाजूक असतं की पुसलं की गेलं. काच धूसर झाली असली तरी डबी उघडायचं काम छायाचित्र-जतन जाणणाऱ्या माणसाकडेच द्या.

दुसरा पत्र्यावरचा 'बहुधा' आहे म्हणता, तर तो 'बहुधा' घालवा. छोटं लोहचुंबक काचेपासून किंचित अंतरावर धरा. ओढ जाणवली तर लोखंड, म्हणजे टिनटाइप. नाही जाणवली तर मागे काळा रंग किंवा काळं कापड लावलेली काच, म्हणजे ॲम्ब्रोटाइप, असण्याचा संभव जास्त. टिनटाइपचं पेटंट अमेरिकेत १८५६चं. तुमचे जनरल १८५६मध्ये किती वर्षांचे होते, आणि चित्रातला माणूस किती वर्षांचा दिसतो? ॲप बाजूला ठेवा आणि आधी एवढं बघून सांगा.

टपालप्रेमी

पत्रांबद्दल मी लिहितो, माझा जीव त्यातच रमतो.

पाकीट नसणं ही उणीव समजू नका. ब्रिटनमध्ये १८४०च्या टपाल-सुधारणेआधी पत्राचं टपालशुल्क कागदाच्या तावांवर आणि अंतरावर ठरायचं. पाकीट म्हणजे आणखी एक ताव, म्हणजे दुप्पट पैसे. म्हणून एकाच तावावर लिहायचं, तो घडी घालून लाखेने बंद करायचा आणि पत्ता बाहेरच्या अंगावर. आडव्यावर उभं लिहायचं कारणही तेच, जागा वाचवायची. नंतर वजनावर शुल्क आलं, ६ मे १८४०पासून पेनी ब्लॅक तिकीट चालू झालं आणि पाकिटांची गरज वाढली. पण आडवंउभं लिहायची सवय पुढेही बरीच टिकली, तेव्हा तेवढ्यावरून साल ठरवू नका. असं पत्र वाचताना कागद काटकोनात फिरवत एकावेळी एकाच दिशेच्या ओळी वाचा. स्कॅन मोठा करून वाचलं तर डोळेही वाचतात आणि कागदही.

१७२०/२१ ही लिहिणाऱ्याची गडबड नाही. इंग्लंडमध्ये १७५२पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस जुन्या हिशेबाने मागच्या सालात पडत आणि नव्या हिशेबाने पुढच्या. जाणकार लोक दोन्ही सालं लिहीत. आपल्या हिशेबाने तुमचं पत्र फेब्रुवारी १७२१चं. खरी अडचण तेव्हा येते जेव्हा त्या तीन महिन्यांत एकच साल लिहिलेलं असतं. तिथे मजकुरातल्या घटनांवरून ताळा करावा लागतो. शिवाय त्या काळात इंग्लंडची तारीख युरोपातल्या बऱ्याच देशांच्या मागे असायची. १७५२मध्ये २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला तेव्हा ती भरून काढली. रशियात हीच उडी १९१८मध्ये बसली, ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी. गठ्ठ्यात दोन देशांतली पत्रं असतील तर उत्तर प्रश्नाआधी लिहिल्यासारखं दिसू शकतं, दचकू नका.

कागद उजेडासमोर धरा. जवळजवळ ओढलेल्या बारीक रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या दूरदूरच्या साखळी-रेघा दिसल्या तर तो जुन्या पद्धतीच्या जाळीवरचा कागद. सलग, रेघांविना दिसला तर विणलेल्या जाळीवरचा, आणि तो पुस्तकात पहिल्यांदा वापरला गेला १७५७मध्ये. म्हणजे तुमचं १७२१चं पत्र असल्या कागदावर असूच शकत नाही. असलं तर मोठी शंका घ्या.

जलचिन्ह, म्हणजे उजेडासमोर धरल्यावर कागदात दिसणारी गिरणीची खूण, दिसलं तर त्याचं रेखाटन करा किंवा मागून उजेड देऊन फोटो घ्या. जलचिन्हांचे अभ्यासक ब्रिके यांनी १९०७मध्ये सोळा हजारांवर जलचिन्हं छापून ठेवली, आता ती ऑनलाइन शोधता येतात. पण ती १६००पर्यंतची, तुमच्या गठ्ठ्याला त्यानंतरच्या संग्रहांचीच गरज पडेल. जलचिन्हात साल असलं तरी ते कागदाचं साल, पत्राचं नव्हे. कागद पडून राहायचा. फ्रेंच कागदावर १७४२ असं दिसलं तर विशेष जपून. सरकारी हुकुमामुळे ते साल साच्यात घातलं गेलं आणि कितीतरी गिरण्यांनी पुढे अनेक वर्षं तसंच ठेवलं.

आणि एक जागा भिंगाखाली जरूर बघा: शाईची ओळ घडीला जिथे ओलांडते तिथे. आधी लिहून मग घडी घातली असेल तर घडीवर शाई झिजलेली, तुटलेली दिसते. जुन्या घडी पडलेल्या कोऱ्या कागदावर कोणी नंतर लिहिलं असेल तर शाई घडीच्या फुटलेल्या तंतूंत शिरते आणि दोन्ही बाजूंना मिशांसारखी पसरते. जुना कोरा कागद मिळवणं बनावट करणाऱ्याला अवघड नसतं, पण ही शाई लपवणं अवघड जातं.

छापखाना

कार्यक्रमपत्रकाचं काम सोपं आहे. वार आणि तारीख मिळाली म्हणजे सालांची यादी छोटी होते. १४ मार्चला शुक्रवार १८७३, १८७९, १८८४ आणि १८९०मध्ये येतो, पुढचा थेट १९०२मध्ये, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. आता पत्रकातला बाकीचा मजकूर बारकाईने वाचा, विशेषतः जाहिराती. टेलिफोनचा उल्लेख आहे का? विजेच्या दिव्यांची प्रौढी मिरवली आहे का? लंडनचं सॅव्हॉय नाट्यगृह १८८१मध्ये पूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलेलं पहिलं सार्वजनिक सभागृह ठरलं, म्हणजे अशी प्रौढी असेल तर १८७३ आणि १८७९ बाद.

तळाशी बारीक टायपात मुद्रकाचं नाव आणि पत्ता असेल. ब्रिटनमध्ये १७९९च्या कायद्याने तो छापणं बंधनकारकच केलं होतं. मुद्रक जागा बदलत, भागीदार बदलत, आणि ते बदल त्या त्या वर्षीच्या शहर-निर्देशिकांत सापडतात. स्टुडिओच्या पत्त्यालाही हीच युक्ती लागू पडते. बिलांवर लंडनच्या टपाल विभागाच्या अक्षरांपुढे आकडा असेल तर ते बिल १९१७नंतरचं. अमेरिकेतल्या पत्त्यात शहराच्या नावापुढे एकदोन आकडी विभाग असेल तर ते १९४३ ते १९६३ यांमधलं.

पोस्टकार्डांची पत्त्याची बाजू बघा. मधोमध रेघ मारून एका बाजूला मजकूर आणि दुसऱ्या बाजूला पत्ता, ही मुभा ब्रिटनमध्ये १९०२ला मिळाली, अमेरिकेत १ मार्च १९०७ला. त्याआधीच्या कार्डांवर ती बाजू फक्त पत्त्याची. चित्र भिंगाखाली बघून ओळीत बसलेले ठिपके दिसले तर ते छापील, सलग छटा दिसली तर खरा फोटो.

कागदवेडी

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, मनःपूर्वक आभार. अल्बम जसाच्या तसा ठेवून टिपणं सुरू केलं आहे.

भिंगवाला दादा, खुर्चीतल्या गृहस्थांचा कोट एकेरी बटणांचा आहे आणि तो उलटाच बसलेला आहे! डाव्या वरच्या कोपऱ्यात कमानीसारखी पुसट कडही दिसली. चुंबकाला ओढ लागते, म्हणजे दुसरा फोटो टिनटाइपच. आणि जनरल १८५६मध्ये साठीच्या पुढे होते. चित्रातला माणूस फार तर तिशीचा.

पत्रकात 'सभागृहात विजेचे दिवे' असं ठळक छापलं आहे. म्हणजे त्या यादीतलं १८८४, १८९० किंवा १९०२.

पण हे संग्राहकांना कसं सांगू? त्यांचा त्या नावावर फार जीव आहे. आणि अहवालाची भाषा कशी ठेवायची?

भिंगवाला

सरळ सांगा, पुराव्यासकट सांगा, आणि नाव खोडून काढताना तिथे जे आहे तेही मांडा. 'हे जनरल नाहीत' एवढंच वाक्य पाठवलंत तर त्यांच्या हाती काहीच उरत नाही. असं लिहा: 'लोखंडी पत्र्यावरील छायाचित्र, म्हणून १८५६पूर्वीचे नाही. बसलेली व्यक्ती अंदाजे तीस वर्षांची. सुचवलेली व्यक्ती त्या वेळी साठीपुढे असल्याने ओळख ग्राह्य धरता येत नाही. गणवेशावरील बटणे व पट्ट्या यांवरून पलटण शोधण्यास वाव आहे.' शेवटचं वाक्य विसरू नका, तिथून पुढचा शोध सुरू होतो. कोट वाचताना प्रतिमा उलटी आहे हे ध्यानात ठेवा, म्हणजे डाव्या खांद्यावरची खूण प्रत्यक्षात उजव्या खांद्यावर. बटणांवरची अक्षरंही उलटी असतील, स्कॅन आरशासारखा डावीउजवीकडे उलटवून वाचा.

ॲपचं म्हणाल तर ते त्याच्याकडे साठवलेल्या चेहऱ्यांतलाच सगळ्यात जवळचा चेहरा दाखवतं. साठ्यात बहुतांश प्रसिद्ध माणसं असतात, म्हणून अनोळखी शिपायालाही जनरल करून टाकतं. नाव सुचवण्यापुरता त्याचा उपयोग करावा. ओळख पटवायची तर किमान एक निर्विवाद छायाचित्र शेजारी हवं, कानाची ठेवण जुळायला हवी, काळ आणि वय जुळायला हवं, आणि वस्तू त्या घरातून इथवर कशी आली याचा माग हवा. चेहरा जुळला आणि बाकी काही जुळलं नाही, तर माझ्या लेखी ओळख पटली नाही.

अहवालात मी तीनच शब्द वापरतो आणि त्यांचा अर्थ पहिल्याच पानावर सांगून टाकतो. 'निश्चित' म्हणजे वस्तूवरूनच सिद्ध होतं. 'बहुधा' म्हणजे एकमेकांवर न विसंबणारे किमान दोन पुरावे त्याच बाजूचे आहेत. 'शक्य' म्हणजे विरोधात काही नाही, पण बाजूनेही फारसं नाही. प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार लगेच त्याच ओळीत. मागे पेन्सिलीने जे लिहिलंय ते जसंच्या तसं, चुकीच्या स्पेलिंगसकट उतरवायचं आणि 'मागील नोंद' म्हणून वेगळं ठेवायचं. कोणी, कधी लिहिली हे कळेपर्यंत ती साक्ष आहे, निकाल नव्हे.

तुमच्या गृहस्थांसाठी नोंद अशी होईल: 'कार्ड १८७८ किंवा नंतरचे, निश्चित. डबीतील जुन्या छायाचित्राची प्रत, बहुधा; उलटा कोट आणि चौकटीची कड. मूळ छायाचित्र १८५८चे, शक्य. मागील नोंद आणि पेहराव.' पेहरावाचा काळ त्या विषयातल्या कोणाकडून तपासून घेतलात तर शेवटच्या ओळीतलं 'शक्य' 'बहुधा'वर जाईल.

प्रतिमेची तारीख आणि कागदाची तारीख वेगळी लिहायचा हट्ट मी करतो, कारण संग्राहकाचं खरं नुकसान तिथेच होतं. लुइस हाइन या छायाचित्रकाराचं निधन १९४०मध्ये झालं. त्यांच्या हातच्या म्हणून विकल्या गेलेल्या काही प्रती पुढे तपासल्या तर कागदात प्रकाश-उजाळके, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेली रसायनं, सापडली, आणि ती फोटोच्या कागदात १९५०च्या दशकात आली. प्रतिमा त्यांचीच होती, कागद मात्र त्यांच्या मृत्यूनंतरचा. साधा अतिनील टॉर्च अंधाऱ्या खोलीत धरला तर असा कागद निळसर पांढरा झळाळतो. तुमच्या पोस्टकार्डांवर आणि सुट्या फोटोंवर तो एकदा फिरवा. झळाळी नसली म्हणजे जुनं असं सिद्ध होत नाही, पण असली तर प्रश्न मिटतो.

मोबदल्याचंही बोलतो, कारण त्याचा निष्कर्षाशी संबंध आहे. लागलेल्या तासांप्रमाणे पैसे घ्या, विक्रीच्या टक्क्यावर कधीच नको. नाव मोठं निघालं की तुमचा वाटा वाढणार असेल, तर उलट्या बाजूचा पुरावा बघताना डोळे आपोआप मिटतात. पैसे किती आणि कशाचे, हे कामाच्या आधी लेखी ठरवा, आणि 'निष्कर्ष काहीही निघो' हे शब्द त्यात असू द्या.

निगेटिव्हवाली

खोक्याच्या तळाशी लवचिक फिल्मच्या निगेटिव्ह आहेत का बघा. १८८९पासून कितीतरी दशकं फिल्म नायट्रेटची असायची. ती भयंकर पेट घेते आणि कुजताना आजूबाजूच्या कागदांनाही खाते. चिकट झाली असेल, पिवळी पडली असेल, उग्र वास येत असेल तर लगेच वेगळी काढा, हवेशीर थंड जागी ठेवा आणि जतन-तज्ज्ञाला दाखवा. इतर कशाचाही क्रम मोडू नये हे मलाही पटतं, पण इथे फोटो घेऊन, नोंद करून ती बाहेर काढायलाच हवी. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर ती ॲसिटेटची. ती सहजासहजी पेट घेत नाही, पण तीही वेगळी ठेवायची. फोटो आणि निगेटिव्ह हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. पत्रांना मात्र स्वच्छ धुतलेले कोरडे हातच बरे, मोज्यांनी कडा कळत नाहीत आणि कागद फाटतो.

कागदवेडी

निगेटिव्ह नाहीत, तेवढं बरं. पण पत्रांचे फोटो घेताना एक काळजीची गोष्ट दिसली. दोन पत्रांच्या मागच्या बाजूला एका कोपऱ्यात कागद खरवडलेला आहे. उजेडासमोर धरलं तर तिथे लंबगोल पातळ डाग दिसतो, आणि शेजारी पेन्सिलीचा एक आकडा अर्धवट पुसलेला. ग्रंथालयाचा शिक्का असेल का?

भिंगवाला

असेल असं धरूनच चाला. त्या दोन पत्रांचं काम इथेच थांबवा आणि संग्राहकांना आजच कळवा. अहवाल पूर्ण होईपर्यंत वाट बघू नका. त्या जागेचा फोटो तीन प्रकारे घ्या: बाजूने तिरपा उजेड टाकून, मागून उजेड देऊन, आणि अतिनील टॉर्चखाली. खरवडलेल्या शिक्क्याची अक्षरं बऱ्याचदा तिरप्या उजेडात वाचता येतात. अर्धवट आकडा त्या ग्रंथालयाचा कपाट-क्रमांक असू शकतो.

संस्थेचं नाव लागलं तर तिच्या हस्तलिखित विभागाला फोटोंसह विचारा. दरवेळी चोरीच असते असं नाही. ग्रंथालयं जादा प्रती रीतसर काढून टाकतात, पण मग बहुतेक ठिकाणी तशी नोंद असते किंवा रद्द केल्याचा शिक्का असतो. शिक्का खरवडलेला असणं हे मात्र चांगलं लक्षण नाही. आणि किती काळ लोटला यावर विसंबू नका. अमेरिकेच्या बिल ऑफ राइट्सची, म्हणजे नागरिकांच्या हक्कांच्या सनदेची, नॉर्थ कॅरोलायना राज्याची प्रत १८६५मध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत एका सैनिकाने उचलून नेली होती. २००३मध्ये ती विकायला निघाली तेव्हा एफबीआयने सापळा लावून ताब्यात घेतली आणि ती राज्याकडे परत गेली.

संग्राहकांनी लिलावाची पावती, सूचीतलं वर्णन आणि विक्रेत्याशी झालेला सगळा पत्रव्यवहार जपून ठेवायला हवा. पत्र परत करायची वेळ आली तर त्यांचा प्रामाणिकपणा आणि त्यांचे पैसे दोन्ही त्या कागदांवर अवलंबून असतील. फीत, गाठ आणि पत्रांचा क्रम तसाच राहू द्या. मधली दोन पत्रं त्या संस्थेची निघाली तर वरखालची कोणाची, हा पुढचा प्रश्न त्यांच्याकडूनच येईल. शिक्क्याचे फोटो तयार झाले की इथे टाका, अक्षरं लावायला आम्ही सगळे मदत करू.